तुलना कशाशी?

‘तुलना करा’ असे आपण प्रश्नपत्रिकेत सहज लिहितो. तुलना कोणत्या प्रकारच्या वस्तूशी, हे मात्र बहुधा गृहीतच धरतो. जावा या संगणकभाषेने हे गृहीत शब्दांत मांडायला लावले आहे. साहित्याच्या अभ्यासकाने ते पाहावे, असे मला वाटते.

जावातील ‘इंटरफेस’ म्हणजे एक करारनामा. अमुक क्रिया करता आली पाहिजे, एवढेच तो सांगतो. ‘कम्पेअरेबल’ हा असाच एक करार. तो स्वीकारणाऱ्या क्लासला समोरची वस्तू क्रमाने आपल्या आधीची, बरोबरीची की नंतरची, हे सांगावे लागते. २००४ पूर्वी या समोरच्या वस्तूचा प्रकार होता ‘ऑब्जेक्ट’, म्हणजे कोणतीही वस्तू. शब्दापुढे तुलनेसाठी संख्या ठेवली तरी कंपायलर गप्प राही. प्रोग्राम मात्र चालता चालता कोसळे.

२००४ मध्ये आलेल्या पाचव्या आवृत्तीत कराराच्या नावापुढे कोनी कंसात ‘टी’ हे अक्षर आले. बीजगणितातील अक्षर संख्येच्या जागी असते, हे प्रकाराच्या जागी. मला ते आपल्या ‘जो–तो’सारखे वाटते: कंसात जो प्रकार, तुलनेच्या क्रियेपुढेही तोच. ‘स्ट्रिंग’ हा क्लास कंसात ‘स्ट्रिंग’ लिहितो आणि शब्दाची तुलना शब्दाशीच करण्यास बांधला जातो. संख्या पुढे केली, तर प्रोग्राम चालण्याआधीच कंपायलर अडवतो. वरवर मोकळी दिसणारी ही जागा वस्तुतः बंधनाची आहे.

अर्थात कंपायलर रसिक नव्हे. आंब्याच्या क्लासने कंसात दगड लिहिला, तरी त्याची हरकत नसते. लिहिलेले पाळा, एवढाच त्याचा आग्रह. कंस गाळला तर जुनीच सवलत मिळते, सोबत एक इशारा. शिवाय चालत्या प्रोग्राममध्ये या क्रियेतील ‘टी’च्या जागी पुन्हा ‘ऑब्जेक्ट’च उरतो. जी दक्षता घ्यायची, ती आधीच.

समीक्षेत हा इशाराही मिळत नाही. दलित आत्मकथनांना रूढ ललित लेखनाचे निकष लावले गेले, तेव्हा ते निकष सर्वच साहित्याचे आहेत, असे मानले जात होते. कंसात काय आहे, हे कोणी लिहिले नव्हते. वेगळ्या सौंदर्यशास्त्राची मागणी झाली, ती हा कंस उघड करण्याचीच मागणी होती. निकष कोणता असावा, यावर वाद जरूर व्हावा. पण तो आधी लिहिलेला तरी असावा.