रिओचा गाइड आणि पवनीचे गुरुजी

गेल्या दिवाळीत आमचा भाचा ब्राझीलहून परत आला. कंपनीच्या कामासाठी तीन आठवडे तिकडे होता; निघण्यापूर्वी एक दिवस मोकळा मिळाला म्हणून त्याने रिओ दि जानेरो पाहून घेतले. पाहून घेतले म्हणजे काय, तर सकाळी आठाला बसमध्ये बसला आणि संध्याकाळी सहापर्यंत एका गाइडने ते अफाट शहर त्याला दाखवून टाकले! कोर्कोवादोच्या डोंगरावरचा, १९३१ साली पुरा झालेला ख्रिस्ताचा पुतळा, नुसती मूर्तीच तीस मीटर उंच. साखरेची ढेप उभी करावी तसा दिसणारा समुद्रकाठचा डोंगर आणि १९१२ सालापासून त्याच्यावर ये-जा करणारा तारेवरचा पाळणा. मग ते जगप्रसिद्ध किनारे. आम्ही सारे चकल्या खात त्याच्या मोबाईलवर हे फोटो पाहत होतो.

मधेच एक फोटो आला. उंच इमारती, मोटारी आणि एक सरळ रस्ता.

“हा रे कशाला काढलास? असा रस्ता आपल्याकडेही आहे,” आमची सौ. म्हणाली.

“तिथं म्हणे टेकडी होती,” भाचा म्हणाला. “शहराची जुनी वस्ती तिच्यावरच होती. १९२२च्या सुमारास टेकडीच खणून सपाट केली. मला काही दिसलं नाही, पण गाइडनं पाच मिनिटं बस थांबवली, म्हणून काढला.”

सगळे हसले. मीही हसलो. त्या हसण्याचे प्रायश्चित्त मला अडीच महिन्यांनी भंडारा जिल्ह्यात घ्यावे लागले.

निमित्त झाले एका व्याख्यानाचे. माझा एक जुना विद्यार्थी भंडाऱ्याच्या एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. त्याने आग्रहाने बोलावले. पुण्याच्या माणसाला विदर्भ म्हणजे नागपूर आणि नागपूर म्हणजे संत्री, याच्या पलीकडे सहसा माहिती नसते. मी मराठीचा प्राध्यापक असूनही या नियमाला अपवाद नव्हतो. सौ. बरोबर आली ती वाघासाठी. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यातला ‘जय’ नावाचा रुबाबदार वाघ २०१६ साली एकाएकी दिसेनासा झाला, त्याच्या बातम्या तिने त्या वेळी मोठ्या काळजीने वाचल्या होत्या. जय नाही तर त्याचा एखादा वंशज तरी दिसेल, असा तिचा हिशेब. पण ऐन वेळी जंगलात जाण्याचे आरक्षण मिळाले नाही. विद्यार्थी ओशाळून म्हणाला, “सर, वाघ जमला नाही. पण आमचे बाबा आहेत. ते तुम्हाला पवनी दाखवतील.”

वाघाच्या बदली बाबा! सौ.ने माझ्याकडे पाहिले. मी खिडकीबाहेर पाहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला बाबा दारात हजर होते. वय सत्तरीच्या पुढे, पांढरा सदरा-पायजमा, डोक्याला टोपी आणि जानेवारीच्या कोरड्या थंडीत हातात छत्री. सारा जन्म प्राथमिक शाळेत शिकवण्यात गेला, म्हणून सगळे त्यांना गुरुजीच म्हणत. मोटारीत बसताच त्यांनी खिशातून वही काढली.

“आपल्याला सात ठिकानं पाहायची आहेत जी. कोनी मागं राहायचं नाही. विचारायचं असंल त्यानं हात वर करायचा.”

‘ठिकाण’चे ‘ठिकान’ आणि ‘कोणी’चे ‘कोनी’ झालेले ऐकून माझ्यातला मराठीचा प्राध्यापक जागा झाला. ही झाडीपट्टीची बोली. मी काही टिपून घेणार एवढ्यात गुरुजी म्हणाले, “सर, आधी बाहेर पाहा. लिहायला रात्र आहे.” वर्गात मी जे मुलांना सांगतो तेच मला ऐकावे लागले.

भंडारा हे पितळेच्या भांड्यांचे गाव. जिल्हा मात्र भाताचा आणि तळ्यांचा. १९९९ साली गोंदिया वेगळा झाला, तेव्हा पुष्कळ जंगल आणि नवेगावबांधासारखा प्रसिद्ध तलाव तिकडे गेला, तरी इकडे उरलेली तळी काही थोडी नाहीत. अड्याळच्या रस्त्याने जाताना भाताची खोडके उभी असलेल्या बांध्यांतून हिरवी लाखोरी डोलत होती. भात कापण्यापूर्वीच त्याच्या ओलीवर ही डाळ पेरून देतात, असे गुरुजींनी सांगितले आणि लगेच सौ.ला विचारले, “काहून पेरत असतील, सांगा बरं?” “जमिनीतली ओल वाया जाऊ नये म्हणून,” सौ. म्हणाली. “शाब्बास!” परतीपर्यंत ती वर्गातली हुशार विद्यार्थिनी ठरली आणि मी मागच्या बाकावर गेलो.

पवनी वैनगंगेच्या काठी आहे. एका अंगाला नदी आणि उरलेल्या तीन बाजूंना जुन्या तटाचे उंचवटे व खंदक, अशी गावाची बांधणी. १८१८ साली इंग्रजांनी हल्ला करून हा किल्ला घेतला. आत शिरल्यावर देवळांची गणती करू नये. केली तर जेवायची वेळ टळते. काशीची उपमा गावाला मिळाली आहे ती उगाच नव्हे. विदर्भातल्या अष्टविनायकांपैकी एक इथला. एकाच दगडावर पाच गणेश. घाटावर वैजेश्वराचे देऊळ. पायऱ्या उतरून आम्ही पाण्याशी गेलो. कपडे धुण्याचा आवाज, देवळातली घंटा आणि पलीकडची वाळू. सौ.ने ओंजळीत पाणी घेऊन डोळ्यांना लावले. तोवर चार ठिकाणे झाली होती आणि वहीत चार खुणा.

पाचवे ठिकाण म्हणजे जगन्नाथ टेकडी. मोठे काही पाहायला मिळणार म्हणून मी मोबाईल सरसावला. समोर गवत, झुडपे आणि मातीचा उंचवटा.

“स्तूप कुठं आहे, गुरुजी?” सौ.ने रीतसर हात वर करून विचारले.

“तुमी त्याच्यावरच उभ्या आहात, ताई.”

ती चटकन बाजूला झाली. गुरुजी प्रथमच हसले. मग छत्रीचे टोक जमिनीला लावून ते चालू लागले. मोठ्या वळणाने, मोजून पावले टाकीत. “हा विटांचा घेर. असा. इथून असा. हा प्रदक्षिणेचा मार्ग. इकडं कठडा होता, त्याचे खांब निघाले.” १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून इथे उत्खनन केले. डॉ. शां. भा. देव आणि जगत्पती जोशी ही त्यातली मोठी माणसे. निघालेल्या स्तूपाचा व्यास अडतीस मीटरांच्या घरात. सांचीचा मोठा स्तूप साडेछत्तीसांचा, म्हणजे हा त्याहून मोठा! इसवी सनाच्या आधीपासून इथे भिक्षू राहत, दाने येत आणि दात्यांची नावे ब्राह्मी लिपीत दगडावर कोरली जात.

“तुम्हाला इतकं बारीक कसं माहीत?” मी विचारले.

“मी टोपल्या उचलल्या जी. सोळा वर्षांचा होतो. आमचं गाव इथून जवळ. सकाळी पायी यायचं, संध्याकाळी पायी जायचं. पहिल्या दिवशी मला नुसती माती दिसली. आठ दिवसांनी मातीतला रंग दिसाले लागला. ही काळी, ही राखेची, ही विटेची. साहेब लोक म्हनायचे, जे दिसत नाही ते आधी पाहा.”

त्या मातीतून निघालेल्या शिल्पांत पाच फण्यांचा मुचलिंद नाग आहे, नावासकट कोरलेला. बुद्ध ध्यानाला बसले असता वादळी पाऊस आला आणि नागराजाने आपले फणे त्यांच्यावर छत्रीसारखे धरले, ती ही कथा. त्या काळचे शिल्पकार बुद्धाची मूर्ती घडवीत नसत. रिकामे आसन दाखवीत, पावले दाखवीत, बोधिवृक्ष दाखवीत. पाहणाऱ्याने ओळखून घ्यायचे. पवनीतच रूपिअम्म नावाच्या महाक्षत्रप कुमाराचा स्मृतिस्तंभ सापडला. अशा खांबाला ‘छायास्तंभ’ म्हणत. माणूस गेला, छाया ठेवली. वर्गात शब्दार्थ सांगणे हा माझा धंदा, पण या शब्दाशी मी त्या उघड्या टेकडीवर बराच वेळ थांबलो.

दुपारी गावातल्या एका नातलगांकडे जेवण झाले. वाफाळता भात, वरण, वांग्याची भाजी आणि लाखोरीच्या डाळीचे वडे. आग्रह असा की, पुणेरी पोटाने शरणागती पत्करली. सौ.ने वड्यांची कृती लिहून घेतली. तिला मात्र रात्रीपर्यंत थांबण्याची अट नव्हती.

सहावे ठिकाण गोसेखुर्दचे धरण. पवनीच्या वरच्या अंगाला, थोड्याच अंतरावर. तेहतीस दरवाजांची ती रांग पाहून कोणाचीही छाती दडपावी. २२ एप्रिल १९८८ रोजी पंतप्रधान राजीव गांधींच्या हस्ते याची कोनशिला बसली. २००९ साली त्याला राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला. भंडारा, नागपूर, चंद्रपूर या तीन जिल्ह्यांची अडीच लाख हेक्टर जमीन भिजवायची, असा त्याचा संकल्प. गुरुजींनी ही सारी माहिती पाठ म्हटल्यासारखी सांगितली; दरवाजे, तारखा, हेक्टर. आवाजात ना कौतुक ना राग. वहीत सहावी खूण केली.

“आता सातवं,” ते म्हणाले आणि वही मिटून खिशात ठेवली.

धरणाच्या मागच्या अंगाने मोटार एका कच्च्या वाटेला लागली. वाट हळूहळू उतरत गेली आणि एकाएकी पाण्यात शिरली. पाण्याने वाट अडवली होती असे नव्हे. वाट तशीच पुढे, खाली पाण्यात जात होती. समोर नजर पोचेल तिथवर निळे पाणी, त्यातून वर आलेल्या वाळक्या झाडांच्या फांद्या आणि त्यांवर बसलेले पाणकावळे.

“काय सुंदर!” मी म्हणून गेलो आणि फोटो काढला. मग कोणी बोलेना.

गुरुजींनी छत्री उचलून पाण्याकडे रोखली. “हे नाकं. इथं पिंपळ. पिंपळाच्या उजव्या हाताला सुताराचं घर, मग कुंभाराचं, त्याच्या मागं विहीर. विहिरीवरून सरळ गेलं का मारुती. मारुतीच्या समोर शाळा, दोन खोल्यांची. तिथं मी एकवीस वर्षं हजेरी घेतली. शाळेच्या मागं आमचं घर.” छत्री घरामागून घर दाखवीत हळूहळू सरकत होती, टेकडीवर विटांचा घेर दाखवताना सरकली होती तशीच. सोळाव्या वर्षी शिकलेली विद्या त्यांनी अशी वापरली होती.

“उन्हाळ्यात पानी उतरलं का मारुतीचा चौथरा दिसते,” ते म्हणाले. “मी येतो. पोरं येत नाहीत. त्यांचा काही दोष नाही जी. त्यांनी पाहिलं कुठं?”

“गाव आता कुठं आहे?” सौ.ने विचारले. हात वर करायला ती विसरली.

“आहे ना. नव्या जागी आहे. सरळ रस्ते, घरांना आकडे. पाटीवर जुनंच नाव आहे, पुढं ‘पुनर्वसन’ लिहिलं आहे. नाव तिकडं गेलं. या जागेला आता नाव नाही.” थोडे थांबून ते म्हणाले, “शेतांना पानी पाहिजे, हे मलाही समजते. भाताचा मानूस आहो मी. पन बुद्धाले पावसापासून वाचवाले नाग आला होता. आमच्याकडं कोनी आला नाही.”

हे ते जवळजवळ विनोदाच्या सुरात म्हणाले. मी हसलो नाही.

परतताना अंधार पडला. भंडाऱ्याला उतरल्यावर मी संकोचाने खिशात हात घातला. दिवसभर हिंडवले, मोटारीच्या तेलापाण्याचे तरी घ्यावेत. गुरुजींनी माझा हात खिशातच दाबून धरला. “तुमी मराठी शिकवता. पोरांना ‘होता, होती, होतं’ शिकवाल तेव्हा जरा हळू शिकवा. एवढंच.”

रात्री सौ. झोपल्यावर मी दिवसभरातले फोटो पाहिले. घाट, गणपती, तेहतीस दरवाजे, सारे छान आले होते. शेवटचा फोटो निळ्या पाण्याचा. उद्या पुण्यात कोणी तो पाहिला तर म्हणेल, हा कशाला काढला, असे पाणी खडकवासल्यालाही आहे.

मी भाच्याला फोन लावला. अवेळी फोन आलेला पाहून तो घाबरला. “मामा, सगळं ठीक ना?”

“ठीक आहे रे. तुझ्याकडं तो रिओचा फोटो आहे ना, टेकडी होती त्या जागेचा? तो मला पाठव.”

“तो? पण त्यात काही दिसत नाही, मामा!”

“म्हणूनच पाठव,” मी म्हटले. “आणि तुझ्या त्या गाइडनं तिथं काय काय सांगितलं, तेवढं आठवून ठेव. घरी आलो की सावकाश ऐकतो.”