थकीत पुस्तक

आमच्या घरीं वाचनालयाचें एक पुस्तक चाळीस वर्षें परत करावयाचें राहून गेलें होतें. ही गोष्ट या वार्षिकांत सांगावी कीं सांगूं नये, याचा आम्हीं पुष्कळ विचार केला. "पुस्तक मुदतींत परत करा" म्हणून ज्या विद्यार्थ्यांस आम्ही वर्गांत दरडावितों, त्यांच्याच हातीं हा अंक पडणार! परंतु त्या पुस्तकाच्या निमित्तानें आमच्या तालुक्याच्या वाचनालयाचें अंतरंग आम्हांस वर्षभर पाहावयास मिळालें. तेव्हां लाज बाजूस ठेवून लिहीत आहों.

पुस्तक होतें ताराबाई शिंदे यांचें 'स्त्रीपुरुषतुलना'. ताराबाई आपल्या बुलडाण्याच्याच. वडील बापूजी हरि शिंदे येथील सरकारी कचेरींत मुख्य कारकून होते. 1881 सालीं सुरतेस विजयालक्ष्मी नांवाच्या तरुण विधवेस बालहत्येबद्दल फांशीची शिक्षा सांगण्यांत आली (ती पुढें सौम्य झाली). त्या निमित्तानें वर्तमानपत्रांतून सगळ्या स्त्रीजातीवर टीकेची झोड उठली. तिचें उत्तर म्हणून ताराबाईंनीं लेखणी उचलली. ग्रंथ 1882 सालीं पुण्यास छापला गेला. प्रती पांचशें, किंमत नऊ आणे. जोतीराव फुले यांनीं त्याची बाजू घेतली. पण पुढें तो असा दृष्टिआड झाला कीं 1975 सालीं स. गं. मालशे यांनीं पुन्हां प्रसिद्ध करीपर्यंत बुलडाण्यांत ही बाई होऊन गेली हें बुलडाण्याच्याच लोकांस फारसें ठाऊक नव्हतें.

त्या नव्या आवृत्तीची प्रत 1984 सालीं आमच्या थोरल्या ताईनें घरीं आणिली. ती तेव्हां दहावींत होती. त्याच वर्षीं तिची शाळा सुटली व लग्न झालें. पुस्तक गोधड्यांच्या पेटींत गेलें. गेल्या जूनमध्यें माळा साफ करतांना तें आमच्या हातीं आलें. निम्म्या पुस्तकांत एस्. टी. चें पिवळें पडलेलें तिकीट खुणेसाठीं घातलेलें होतें. त्यापुढें तिनें वाचलें नव्हतें.

चोरासारखे तोंड करून आम्ही वाचनालयांत गेलों. ग्रंथपाल आमच्याहून वयानें बरेच लहान. त्यांनीं जुनी दाखल-नोंदवही काढली, बोटानें आंकडे चाचपीत एका ओळीवर थांबले. तेथें तांबड्या शाईनें 'गहाळ' असें लिहिलेलें होतें. आम्ही दंड विचारला.

"सर, दिवसाच्या हिशेबानें धरला तर पुस्तकाच्या किमतीच्या कितीतरी पट होईल. तो मी लिहूं कुठं?" ते हंसून म्हणाले, "त्यापरीस वर्षभर रविवारीं येत जा. मी एकटाच आहें."

एकटाच, हें अक्षरशः खरें होतें. महाराष्ट्रांत सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा 1967 सालीं झाला. त्यान्वयें मान्यता पावलेल्या वाचनालयांस अ, ब, क, ड अशा वर्गवारीनें अनुदान मिळतें. त्यांतच नवीं पुस्तकें, वर्तमानपत्रें, दिवाबत्ती आणि ग्रंथपालांचें वेतन भागवावयाचें. वेतनाचा आंकडा त्यांनीं एकदां सांगितला. तो येथें लिहिण्याचें धैर्य आम्हांस नाहीं. पहांटे ते शेतावर जातात, आठ वाजतां वाचनालय उघडतात, दुपारीं पुन्हां शेतावर, सायंकाळीं पुन्हां वाचनालय.

सकाळीं वर्तमानपत्रांच्या मेजाशीं शेतकरी मंडळी बसतात. खामगांवच्या बाजारांत कपाशीस काय भाव निघाला हें प्रथम पाहावयाचें, मग राजकारण. एक आजोबा अक्षरशत्रु; पण रोज येतात आणि शेजाऱ्याकडून वाचून घेतात. आंतल्या खोलींत अभ्यासिका. तेथें पोलीस भरतीचे व तलाठी परीक्षेचे उमेदवार आपलींच पुस्तकें घेऊन बसतात. वाचनालयाचें एकहि पुस्तक ज्यांनीं उघडलें नाहीं त्यांनीं वाचनालयाची जागा कां अडवावी, अशी कुरकुर कांहीं जुने सभासद करीत. आम्हीहि करीत होतों. मग एका मुलाच्या घरीं जाण्याचा प्रसंग आला. दोन खोल्यांत आठ माणसें! त्या दिवसापासून आम्हीं ती तक्रार तोंडांतून काढली नाहीं.

बारा ऑगस्टला डॉ. रंगनाथन यांची जयंती ग्रंथपाल दिन म्हणून झाली. हार, नारळ, दोन भाषणें. भाषणांविषयीं न लिहिलेलें बरें. आम्हांस अधिक गोडी लागली ती पेटीची. सयाजीराव गायकवाड यांनीं 1910 सालीं अमेरिकेहून बॉर्डन नांवाचे तज्ज्ञ बोलावून बडोदें संस्थानांत ग्रंथालयांचें जाळें विणलें आणि ग्रंथांच्या पेट्या खेडोपाडीं धाडल्या, हें आम्हीं ग्रंथपालांस सहज सांगितलें. दुसऱ्या रविवारीं त्यांनीं पत्र्याची एक पेटी घासून पुसून तयार ठेविली होती! तींत तीस पुस्तकें भरून आम्ही दोघे एस्. टी. नें एका खेड्यास गेलों. पेटीचें अर्धें तिकीट घ्यावें कीं नाहीं यावर वाहकाशीं थोडी हुज्जत झाली. मारुतीच्या पारावर पेटी उघडतांच पोरांची झुंबड उडाली. एक चिमुरडी म्हणाली, "सर, मले वाघाचं पुस्तक पाह्यजे." वाघाचें एकच होतें, तें दुसऱ्यानें उचललें होतें. ती रडली नाहीं. त्या मुलाच्या मागें उभी राहून त्याच्या खांद्यावरून सगळें पाहून घेतलें. पुढच्या खेपेस वाघाचीं तीन पुस्तकें नेलीं. तीस पुस्तकांपैकीं दोन परत आलीं नाहींत. पण याबाबतींत रागावण्याचा अधिकार आम्हांस उरलेला नाहीं.

दिवाळींत अंकांची योजना चालली. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनीं 1909 सालीं 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला. तेव्हांपासूनची ही हौस. आमच्या गांवच्या बायकांनीं ती अद्याप टिकविली आहे. भाऊबीजेस ताई आली. पुस्तक परत केल्याचें आम्हीं सांगितलें तेव्हां ती गप्पच राहिली. वाचनालयांत चल म्हटलें तर म्हणाली, "नको रे बाबा, माझं नांव असेल तिथं. दंड मागतील." आम्हीं पुष्कळ समजाविलें, ती आली नाहीं.

सत्तावीस फेब्रुवारीस, मराठी भाषा गौरव दिनीं, ग्रंथपालांनीं जिल्ह्यांतील लेखकांचीं पुस्तकें मेजावर मांडलीं. मेहकरचे कवि ना. घ. देशपांडे यांचा 'शीळ', 1986 सालीं साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेला त्यांचा 'खूणगाठी', आणि त्यांच्या शेजारीं ताईचें तें जीर्ण पुस्तक. जिल्ह्याच्या ठिकाणीं गर्दे वाचनालयाच्या सभागृहांत सभा-व्याख्यानांस जशी गर्दी जमते, तशी येथें कोठून जमणार? वीसेक माणसें होतीं. अभ्यासिकेंतील एक मुलगी पुस्तक चाळीत बराच वेळ उभी राहिली. तिनें तें घरीं नेलें आणि आठ दिवसांनीं आणून दिलें. आवडलें का म्हणून आम्हीं विचारलें. "पुन्हां नेऊं काय?" एवढेंच ती म्हणाली. तारखेच्या चिठ्ठीवर 1984 च्या शिक्क्याखालीं आतां दोन नवे शिक्के आहेत.

हें आम्हीं ताईस दूरध्वनीवरून कळविलें. मे महिन्यांत ती नातवास घेऊन आली, आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं, न सांगतां, चपला घालून दाराशीं उभी राहिली. ग्रंथपालांनीं तिचें नवें कार्ड लिहिलें. 'व्यवसाय' या रकान्यापाशीं त्यांचा हात थांबला. ताई म्हणाली, "शेती लिहा. सगळी मीच करतें." 'स्त्रीपुरुषतुलना' तेव्हां त्या मुलीकडेच होतें. ताईनें उरलेल्यांतून एक जुना दिवाळी अंक निवडला, परतीची तारीख दोनदां विचारून घेतली, आणि नातवाच्या हातीं न देतां स्वतःच्या पिशवींत ठेविला.