नोंदी गेल्या कुठे?

आमच्या वेळी व्हायवात कन्स्ट्रक्टरवर हमखास प्रश्न असायचा आणि उत्तरही पाठच असायचं: क्लासचंच नाव, रिटर्न टाइप नाही, ऑब्जेक्ट तयार होताना आपोआप चालतो. एवढ्यावर मार्क मिळायचे. 'तयार होताना' म्हणजे नेमकं केव्हा, हे परीक्षकांनी कधी खोदून विचारलं नाही. ते कळलं नोकरीत, एका जुन्या प्रोग्रॅमपायी.

कोड जावातला. वर 'रिपोर्ट' नावाचा क्लास आणि त्याच्याखाली विक्री, साठा, येणी असे वेगवेगळे रिपोर्ट. वरच्या क्लासच्या कन्स्ट्रक्टरमधूनच 'लोड' मेथडला कॉल होता. खालच्या प्रत्येक क्लासने आपापली लोड लिहायची. लिहिणारे केव्हाच नोकरी सोडून गेलेले. विक्रीचा रिपोर्ट नव्याने लिहिलेला होता, आणि तो उघडला की नल पॉइंटरची एरर. पण लॉगमध्ये तर नोंदी वाचल्याचं स्वच्छ दिसत होतं. "वाचतोय तर खरं, मग जातंय कुठे?" शेजारचा ज्युनिअर सारखा म्हणायचा. त्याचा संशय डेटाबेसवर, माझा थ्रेडवर.

शेवटी डीबगर लावून एकेक ओळ पुढे सरकत गेलो. जावात आधी जागा घेतली जाते आणि ऑब्जेक्टच्या सगळ्या व्हेरिएबलमध्ये शून्य किंवा नल भरलं जातं. मग वरच्या क्लासचा कन्स्ट्रक्टर चालतो. त्याने लोडला हाक मारली की धावते ती खालच्या क्लासची लोड, कारण ऑब्जेक्ट मुळात विक्री रिपोर्टचा. यादी भरली. वरचा कन्स्ट्रक्टर संपला. आणि मग पाळी आली खालच्या क्लासने व्हेरिएबल जाहीर करताना दिलेल्या किमतींची. तिथे कुणीतरी नीटनेटकेपणाने लिहून ठेवलं होतं: यादी = नल. रंगारी यायच्या आधीच सामान लावून बसावं, तसली गत. भरलेली यादी त्या ओळीने पुसली.

सी++मध्ये असं झालं नसतं. तिथे वरचा कन्स्ट्रक्टर चालू असेपर्यंत ऑब्जेक्ट वरच्याच क्लासचा धरतात. मेथड व्हर्च्युअल असली तरी वरचीच चालते. मग नोंदी वाचल्याच गेल्या नसत्या आणि दोष पहिल्याच दिवशी उघडा पडला असता. सी++ला नावं ठेवणं सोपं आहे, पण इथे मी तिच्या बाजूने.

ज्युनिअरने '= नल' एवढंच खोडलं आणि रिपोर्ट चालला! मला ते पटेना. उद्या कुणी नीटनेटका माणूस येऊन ते पुन्हा लिहिणार. साठ्याचा आणि येण्यांचा रिपोर्ट उघडून पाहिले, तर तिथे व्हेरिएबलला किंमत दिलेलीच नव्हती. इतकी वर्षं ते केवळ नशिबावर चालले होते. जोशुआ ब्लॉकच्या 'इफेक्टिव्ह जावा'त 2001 सालीच बजावलंय की खालच्या क्लासला बदलता येईल अशी मेथड कन्स्ट्रक्टरमधून बोलवू नका. आम्ही लोडचा कॉल तिथून उचलला आणि रिपोर्ट पुरता तयार झाल्यावर बाहेरून करायला लावला.

आता 2025 मध्ये आलेल्या जावा 25 पासून वरच्या कन्स्ट्रक्टरला बोलावण्याआधीच आपल्या क्लासची व्हेरिएबल भरून घेता येतात, अर्थात जाहीर करताना त्यांना किंमत दिलेली नसेल तर. ज्युनिअरने उत्साहाने विचारलं, आपण वापरायचं का? आमचा प्रोजेक्ट अजून जावा 8 वर आहे.