पाचव्या नंबरचा पोरगा

क्रॉस कंट्रीचा हिशेब उलटा असतो. ज्यांचे गुण कमी ते जिंकतात. एका संघाचे सात जण पळतात, त्यातल्या पहिल्या पाचांचे नंबर घ्यायचे आणि बेरीज करायची. पहिला आलेल्याचा एक गुण, चाळिसावा आलेल्याचे चाळीस. आता गंमत बघा. तुमचा एखादा पोरगा वाऱ्यासारखा सुटला आणि दुसऱ्याऐवजी पहिला आला, तर संघाचा फायदा किती? एक गुण. पण तुमचा पाचवा पोरगा, ज्याचं नाव त्याच्या घरच्यांखेरीज कुणाला ठाऊक नाही, तो साठाव्यावरून तिसाव्यावर आला तर एकदम तीस. सहावा आणि सातवा बेरजेत येत नाहीत. पण समोरच्या संघाच्या पाचव्याला त्यांनी गाठलं, तर त्याचा नंबर एकेकाने मागे ढकलतात. त्यांचंही पळणं फुकट जात नाही.

म्हणून कॉलेजच्या कोचची नजर आघाडीवर नसते. तो मागे बघत असतो.

शर्यतीच्या दिवशी हा माणूस स्वतःच पळतो. मैदान गोल नसतं. गवत, चिखल, चढउतार, असा काही किलोमीटरांचा वेडावाकडा रस्ता. एका वळणावर पोरं पुढे गेली की कोच शेत आडवं कापत पुढचं वळण गाठतो. गळ्यात घड्याळ, हातात घामाने ओला झालेला कागद. ‘शाब्बास’ वगैरे ओरडायला सवड नसते. तो आकडे ओरडतो. चौतिसावा आहेस. पुढच्या झाडापर्यंत दोघांना धर. पायांत चिप बांधण्याच्या आधीच्या काळात शेवटी दोरांची एक निमुळती गल्ली असायची. पोरं त्यात एकामागे एक अडकायची, कुणी ओकायचं, कुणी गुडघ्यांवर हात टेकून उभं राहायचं, आणि त्या ओळीत ज्याचा जो नंबर तो पक्का व्हायचा. कोच गल्लीच्या तोंडाशी उभा राहून मनातल्या मनात बेरीज करायचा.

अमेरिकेतल्या कॉलेजांत हा पेशा बारमाही आहे. शरदात क्रॉस कंट्री, हिवाळ्यात बंदिस्त सभागृहातली ट्रॅक, वसंतात मोकळ्या मैदानावरची. प्रेक्षक फुटबॉलला जातात. इथे येतात ते आईबाप आणि एखादा कुत्रा. मला या पेशाची ओढ लागली ती जो विहील या माणसामुळे.

कोलोरॅडो राज्याच्या दक्षिणेला सॅन लुईसचं खोरं आहे. एका अंगाला सांग्रे दे क्रिस्तोचे डोंगर, दुसऱ्या अंगाला सॅन हुआनचे, मधून रिओ ग्रांदे नदी आणि तिच्या आसपास बटाट्याची शेतं. तिथल्या आलामोसा गावात अ‍ॅडम्स स्टेट नावाचं छोटं कॉलेज; विहील तिथले कोच. हिवाळ्यात पारा शून्याखाली तिसापर्यंत उतरतो. उंची साधारण 2300 मीटर. कळसूबाईचा माथा 1646 मीटरवर. तिथे पोचून दम खाल्ला की आणखी साडेसहाशे मीटर चढायचं राहतंच. हवेचा दाब समुद्रकाठच्या तीनचतुर्थांश. खालून आलेला पोरगा पहिल्या आठवड्यात जिना चढतानाही धापा टाकतो. मग शरीर जुळवून घेतं, रक्तात तांबड्या पेशी वाढतात, आणि काही आठवड्यांनी तो त्याच विरळ हवेत मैलामागून मैल काढू लागतो.

1968 साली ऑलिंपिक मेक्सिको सिटीत होतं, म्हणजे 2240 मीटरवर. अमेरिकेला मॅरेथॉनचा संघ निवडायचा होता, तेव्हा चाचणीची शर्यत आलामोसालाच भरली. जॉर्ज यंग जिंकला. बटाट्याच्या गावाला आपण कशात श्रीमंत आहोत ते त्या ऑगस्टमध्ये कळलं असावं. विहीलना ते आधीच कळलं होतं. त्याच गावच्या हायस्कुलात शिकवून ते कॉलेजात आले होते आणि 1993पर्यंत तिथेच राहिले.

कारकीर्द म्हणून मोजायचं तर राष्ट्रीय विजेतेपदं 19. देशातल्या निवडक खेळाडूंना मिळणारा ‘ऑल-अमेरिकन’ हा मान त्यांच्या पोरांनी 425 वेळा मिळवला. आकडे दिपवणारे आहेत, पण मला त्यांच्यापेक्षा भरतीची गोष्ट भावते. मोठ्या विद्यापीठांकडे शिष्यवृत्त्यांची थैली असते. राज्यविजेते तिकडे जातात. आलामोसाच्या वाट्याला येणार उरलेले. दुसऱ्या-तिसऱ्या फळीतले, आसपासच्या खेड्यांतले, न्यू मेक्सिकोच्या मूळनिवासी वस्त्यांतले. अशा पोरांचं काय करायचं हे ज्याला कळतं तोच तिथे टिकतो. विहील नुसते मैदानावरचे नव्हते. त्यांनी डॉक्टरेट केली होती आणि हृदय, फुप्फुसं, स्नायू यांची मापं काढत ते सराव आखत. तरीही सगळं प्रयोगशाळेवर सोडलं नाही. ख्रिस्तोफर मॅकडूगलच्या ‘बॉर्न टू रन’ या पुस्तकात लेडव्हिलची शंभर मैलांची शर्यत बघणारे विहील भेटतात. मेक्सिकोचे ताराहुमारा धावपटू चढावर हसत पळताहेत, हे त्यांच्या डोळ्यांनी टिपलं. इतक्या वर्षांची मापं काढलेल्या माणसाला नेमकं ते हसू दिसावं, यावरून माझा त्यांच्यावरचा विश्वास वाढला.

1992 साली अ‍ॅडम्स स्टेटचा संघ दुसऱ्या विभागाच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरला. अकोमा पुएब्लो या मूळनिवासी वस्तीतला फिलिप कॅस्टिलो पहिला आला. त्याच्यामागे दुसरा, तिसरा, चौथा आणि पाचवा, सगळे एकाच कॉलेजचे. एक अधिक दोन अधिक तीन अधिक चार अधिक पाच : पंधरा. या खेळात पंधराच्या खाली जाताच येत नाही. वर्तमानपत्रवाले अशा वेळी पहिल्याचा फोटो छापतात. कोचच्या लेखी खरी बातमी पाचव्याची. त्याच्यामागे देशभरातून आलेली बाकी सगळी कॉलेजं होती आणि त्यातल्या एकालाही त्याने पुढे जाऊ दिलं नव्हतं.

या पेशाची एक क्रूर बाजूही आहे. पोरगा चार वर्षांत पिकतो आणि पिकला की निघून जातो. कोच तिथेच, पुन्हा अठरा वर्षांच्या धापा टाकणाऱ्यांबरोबर. क्वचित कुणी मागे राहतं. पॅट पोर्टर पदवीनंतरही विहीलच्याच हाताखाली पळत राहिला आणि 1982 ते 1989 सलग आठ वर्षं अमेरिकेचा क्रॉस कंट्री विजेता ठरला. आणि काही जण उशिरा येतात. डीना कॅस्टर आर्कान्सामधलं कॉलेज संपवून, खेळ सोडावा का या विचारात असताना 1996 साली आलामोसाला पोचली. विहील तेव्हा कॉलेजातून निवृत्त झालेले, पण तिला त्यांनीच घडवलं. 2004च्या अथेन्स ऑलिंपिकात, संध्याकाळच्या पस्तीस अंशांच्या उकाड्यात, ती सुरुवातीपूर्वी बर्फाची बंडी घालून बसली आणि मग मुद्दाम मागे राहिली. आघाडीच्या बायका आपसात झुंजत होत्या, ब्रिटनची पॉला रॅडक्लिफ रस्त्याच्या कडेला रडत बसली, आणि कॅस्टर एकेकीला मागे टाकत तिसरी आली. 1984नंतर अमेरिकन बाईला मॅरेथॉनचं ते पहिलंच ऑलिंपिक पदक. चौतिसावा आहेस, पुढच्या झाडापर्यंत दोघांना धर : हिशेब तोच, फक्त झाडं ग्रीसची.

आपल्याकडे हे असं घडतं का? घडतं, पण कॉलेजात नाही. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे बारावीनंतर महार रेजिमेंटमध्ये गेला, सियाचीनला राहून आला आणि 2015 साली सैन्यातल्या क्रॉस कंट्रीत पळू लागला. सैन्यातले कोच अमरीश कुमार यांनी त्याला स्टीपलचेसकडे, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीकडे, वळवलं. 2022च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुलात 8 मिनिटं 11.20 सेकंदांत रौप्य, सुवर्णापासून सेकंदाचा विसावा हिस्सा दूर. तो सरावाला गेला तोही कोलोरॅडोतच, स्कॉट सिमन्स यांच्याकडे, आणि हे सिमन्सही मुळात कॉलेजचे क्रॉस कंट्री कोच.

सैन्याने साबळेला दिलं तेच विहीलनी कॉलेजच्या पोरांना दिलं होतं : पोटभर जेवण, ठरलेली झोप, उंचावरची हवा आणि पहाटे दारात उभा असलेला माणूस. आपल्या कॉलेजांतही शारीरिक शिक्षण संचालक असतात. त्यातले कितीतरी जण जीव ओतणारे. फक्त त्यांचा दिवस प्रवेशिका भरण्यात, प्रवासभत्त्याची बिलं मंजूर करून घेण्यात आणि मूल्यांकन समितीच्या फायली लावण्यात जातो. आंतरमहाविद्यालयीन क्रॉस कंट्रीच्या आदल्या आठवड्यात कुणीतरी वर्गात येऊन विचारतं, पळणार का रे कोणी? सात जण जमले की संघ झाला. सरावाला मैदान मिळतं, लग्नसराईत ते भाड्याने दिलेलं नसलं तर.