बुरूड राजाचा कोट आणि बोंबलांची जुडी

पहाटे पाचला घोटीच्या नाक्यावर काळी-पिवळी उभी होती, पण नववं शीट मिळाल्याशिवाय ड्रायव्हर काही हलेना. जानेवारीची थंडी, पिशवीत नागलीची भाकरी, ठेचा आणि एक वही. आईला सांगून निघाले होते, "रोमन लोकांशी व्यापार चालायचा ते बंदर बघायला चाललेय."

"आणि ते कुठंय?"

"नालासोपाऱ्यात."

आई इतकी हसली, की शेजारचा दिवा लागला. तिच्या लेखी नालासोपारा म्हणजे मामाची भाड्याची खोली आणि लोकलच्या दारात लोंबकळणारी माणसं.

खरं तर मला रोमच बघायचं होतं. पॉम्पेईच्या दगडी रस्त्यावर उमटलेल्या गाड्यांच्या चाकोऱ्यांचे फोटो कॉलेजच्या ग्रंथालयात बघितले, तेव्हापासून ते खूळ डोक्यात होतं. पण वडील भाताच्या गिरणीत हिशेब लिहितात, आणि त्या हिशेबात रोम बसत नाही. मग एकदा सरांनी आमच्या वर्गाला नाशिकच्या पांडवलेण्यांवर नेलं. नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात, त्याच्या लेखावर बोट ठेवून त्यांनी गावांची नावं वाचली. भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन आणि शोर्पारग या चार ठिकाणी त्याने वाटसरूंसाठी धर्मशाळा बांधल्या होत्या. गोवर्धन म्हणजे आपलं गंगापूर-गोवर्धन. शोर्पारग म्हणजे सोपारा. "आता या दोघांच्या मधे काय येतं?" सरांनी विचारलं. कोणी बोलेना. मी म्हणाले, "थळघाट." आणि मनात म्हणाले, आमची घोटी.

तो घाट जीपने अंधारातच उतरला. टोल भरताना ड्रायव्हर पुटपुटला ते इथे लिहिण्यासारखं नाही. दोन हजार वर्षांपूर्वी घाटात जकात भरणारे बैलवाले याहून सभ्य बोलत असतील, असं मला वाटत नाही.

कसाऱ्याहून लोकल धरली. कल्याणला फलाटावर उतरले तेव्हा ‘पेरिप्लस’ आठवला. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तकडच्या एका ग्रीकभाषी दर्यावर्दीने लिहिलेली ती बंदरांची वही. त्यात सुप्पारा आहे, कल्लिएनाही आहे. कल्याणच्या बंदरावर तेव्हा निर्बंध होते. चुकून तिथे लागलेल्या ग्रीक जहाजांना पहाऱ्यात भडोचला नेत, असं तो लिहितो. मला मात्र कोणी अडवलं नाही. उलट मागच्या गर्दीनेच दिव्याच्या गाडीत ढकललं. तिथून वसईची गाडी. खारबाव, कामण, जुचंद्र करत, खाडी आणि तिवरं बघत गेले.

वसईला गाडी बदलून नालासोपारा गाठलं. पश्चिमेला रिक्षावाल्याला "स्तूप" म्हटलं, तर त्याने मान हलवली. दुसऱ्याने विचारलं, "बुरूड कोट का?" तोच. बुरूड राजाचा कोट हे गावातलं जुनं नाव. रस्ता वळला आणि झाडांच्या सावलीत विटांचा एक ढिगारा दिसला. एवढंच. खरं सांगते, पहिल्यांदा मनात आलं, यासाठी मी चार गाड्या बदलल्या?

मग पायरीवर बसून भाकरी सोडली आणि वही उघडली. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींनी हा कोट उकरला. मधोमध दगडी पेटी सापडली. पेटीत तांब्याचा करंडक, त्यात चांदीचा, मग दगडाचा, मग स्फटिकाचा, आणि सगळ्यात आत सोन्याचा. सोन्याच्या करंडकात काय? मातीच्या भांड्याचे तुकडे! बुद्धाच्या भिक्षापात्राचे म्हणून जपलेले. तांब्याच्या करंडकाभोवती आठ कांस्यमूर्ती होत्या. हे सगळं आता मुंबईत एशियाटिक सोसायटीकडे आहे. अशोकाच्या आज्ञालेखांचे इथले तुकडेही मुंबईच्याच वस्तुसंग्रहालयात आहेत. सोपाऱ्याकडे राहिल्या विटा. तरीही फोटोतल्या पॉम्पेईपेक्षा तो ढिगारा मला जवळचा वाटू लागला होता, कारण एक वयस्क जोडपं आलं, चपला काढल्या, मेणबत्ती लावली, हात जोडले आणि वीट न् वीट बघत प्रदक्षिणा घातली. पॉम्पेईत चपला कोण काढतं?

समुद्र मात्र कुठेच दिसत नव्हता. ज्या खाडीतून गलबतं यायची ती गाळाने केव्हाच भरली. चक्रेश्वराचा तलाव बघितला आणि स्टेशन गाठलं.

किनारा भेटला तो वसईला. किल्ल्याबद्दल इतकं लिहिलं गेलंय, की मी थोडक्यात सांगते. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली, १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकली. छप्पर उडालेल्या चर्चमध्ये शिरले, तर पायाखालच्या फरशीवर अक्षरं. थडगी होती ती. मी दचकून बाजूला झाले, तर बाजूलाही थडगंच. वर कमानीत पोपटांचा गोंगाट. नाशकात रामकुंडाजवळ नारोशंकराच्या देवळावर जी प्रचंड घंटा आहे ती वसईच्या विजयातली, असं लहानपणापासून ऐकत आलेय. इथल्या एका रिकाम्या मनोऱ्याकडे बघताना पहिल्यांदा वाटलं, ती घंटा इथे नेमकी कुठे टांगलेली असेल?

उन्हं कलल्यावर पाचूबंदरच्या कोळीवाड्यात गेले. बांबूंच्या आडव्या दांड्यांवर बोंबील वाळत होते, दोन-दोन, तोंडात तोंड अडकवून. सुकी मासळी निवडत बसलेल्या मावशींनी विचारलं, कुठली गं तू? घोटी म्हटलं.

"घोटीचा तांदूळ? आमच्याकडे येतो की!"

मी उषवदाताच्या धर्मशाळा, पेरिप्लस, सगळं सांगायला तोंड उघडलं. त्यांनी तोवर बोंबलांची एक जुडी वर्तमानपत्रात बांधून हातात ठेवलीही होती. भावसुद्धा मी केला नाही.

कसारा लोकलमध्ये मला शेवटपर्यंत ऐसपैस बसायला मिळालं. शेजारी कोणी टिकत नव्हतं. रात्री उशिरा घरी पोचले, आईने पुडकं सोडलं, नाकाशी नेलं आणि किंमत विचारली. मी सांगितली.

"अगं, हेच बोंबील आपल्या बाजारात यापेक्षा वीस रुपयांनी स्वस्त मिळतात," ती म्हणाली आणि तवा चुलीवर ठेवला.