पाठीतलं हसू

मांडीवर बसलेल्या मुलाचं हसू ऐकू येण्याआधी लागतं. त्याची पाठ आपल्या छातीला टेकलेली असते, डोकं हनुवटीखाली, केसांना खोबरेल तेलाचा आणि थोडा मातीचा वास. आपण पान उलटायला बोट पुढे करतो आणि त्या इवल्याशा पाठीत, मणक्याच्या दोन्ही अंगांनी, काहीतरी हलायला लागतं. आधणाला उकळी फुटण्याआधी तळाशी बारीक थरथर सुरू होते, तसं. आवाज अजून आलेला नसतो, पानही उलटलेलं नसतं. पण पुढे काय आहे ते त्याला ठाऊक असतं, आणि ते ठाऊक असणं त्याच्या एवढ्याशा अंगात मावत नसतं.

मुलांसाठी चित्रांचं पुस्तक निवडायला बसले की मला ही थरथर आठवते. या पुस्तकात ती कुठे सुरू होईल, एवढंच मी शोधत असते.

कारण कधीकाळी ती पाठ माझी होती. आत्या बालवाडीत शिकवायची. दुपारी घरी आली, जेवणं उरकली, ओटा पुसून झाला, की माजघरात भिंतीला टेकून पाय पसरून बसायची आणि मला ओढून घ्यायची. तिच्या सुती पातळाला खडूचा वास असायचा. वरच्या झरोक्यातून उन्हाचा एक तिरपा पट्टा जमिनीवर यायचा आणि पुस्तक त्या पट्ट्यात येईल अशा बेताने ती जरा सरकून बसायची. पुस्तक असायचं ‘महागिरी’. दिल्लीच्या चिल्ड्रन्स बुक ट्रस्टने १९६९ मध्ये काढलेलं, हेमलतांची गोष्ट, पुलक बिश्वास यांची चित्रं. गावच्या उत्सवासाठी खांब रोवायचा असतो, हत्ती तो उचलून आणतो, आणि खड्ड्याशी येऊन थांबतो. काही केल्या खांब आत सोडत नाही. माहूत ओरडतो, टोचतो, गाव जमतं; हत्ती हलत नाही. खड्ड्यात मांजराचं पिल्लू असतं.

आमची प्रत मराठीत नव्हती. आत्या चित्रांवरून नजर फिरवत जायची आणि मराठी तिच्या तोंडून आपसूक यायचं, रोज थोडं वेगळं. कधी माहूत हत्तीला ‘बाबा रे’ म्हणायचा, कधी ‘अरे दांडगोबा’. गोष्ट मात्र तीच. आणि पहिल्यांदा ऐकल्यानंतर, दुसऱ्या दिवसापासून, पिल्लू खड्ड्यात आहे हे मला आधीच माहीत असायचं. माहुताला माहीत नाही, गावाला माहीत नाही. मला आणि हत्तीला माहीत. त्या माहितीने माझा जीव नुसता वर यायचा. सांगू का, सांगू का, असं पोटात व्हायचं, आणि आत्या मुद्दाम सावकाश, अगदी सावकाश पान उलटायची. आज कळतं, तिला तेव्हा माझी पाठ लागत असणार.

किती वर्षं गेली मध्ये.

आता माझ्या मांडीवर नात बसते, आणि तिची सगळ्यात लाडकी कोंबडी परदेशातली आहे. पॅट हचिन्स यांचं ‘रोझीज वॉक’, १९६८ चं. सगळ्या पुस्तकात मिळून इंग्रजी शब्द बत्तीस, आणि ते सगळे कोंबडीबद्दल. ती खुराड्यातून निघते, अंगण, तळं, गवताची गंजी, गिरणी असं फिरून जेवणाच्या वेळेला घरी येते. एवढंच लिहिलेलं आहे. चित्रात मात्र तिच्या मागे पहिल्यापासून एक कोल्हा आहे, झेप घ्यायला टपलेला, आणि दर वेळी काहीतरी घडून फजीत होणारा: दाताळ्यावर पाय पडतो नि दांडा तोंडावर आपटतो, तळ्यात कोसळतो, गवतात गाडला जातो, पिठात न्हातो, शेवटी मधमाश्या पाठीस लागतात. शब्दांत त्या कोल्ह्याचा उल्लेखही नाही. कोंबडीला तर पत्ताच नाही. मी शहाण्यासारखी फक्त कोंबडीबद्दल वाचत राहते आणि माझ्या मांडीवरून हाका सुरू होतात, ‘अगं मागे बघ! आजी, तिला सांग ना!’ मी विचारते, ‘काय सांगू?’ की झालं. पाठ गदागदा हलायला लागते. जिला एकही अक्षर येत नाही तिला दिसतंय, आणि चष्मा लावून वाचणाऱ्या आजीला दिसत नाहीये. याहून मोठी गंमत या वयात दुसरी कुठली असणार?

मला वाटतं, लहान मुलांच्या चांगल्या पुस्तकाचं सगळं मर्म इथेच आहे. दिवसभर मोठ्या माणसांनाच सगळं माहीत असतं. दूध कधी प्यायचं, झोपायचं कधी, चप्पल कुठल्या पायात. अशा दिवसात एका पुस्तकापुरतं तरी मुलाला आपल्या आधी काही कळावं, चित्राने त्याच्या कानात सांगावं आणि शब्दांनी गप्प राहावं. जिथे शब्द म्हणतात ‘चेंडू लाल आहे’ आणि चित्रात नुसता लाल चेंडू असतो, तिथे मुलाला करायला काही उरतच नाही. त्याची पाठ तशीच राहते, स्वस्थ. थोड्या वेळाने ते उठून जातं.

पान उलटण्यातही केवढं काही साठवलेलं असतं! छापखान्यात मोठा ताव छापून, घड्या घालून फर्मे होतात, म्हणून ही पुस्तकं बहुधा सोळा, चोवीस नाहीतर बत्तीस पानांची असतात. त्या मोजक्या जागेत चित्रकाराला ठरवावं लागतं, कुठलं चित्र उजव्या पानापर्यंत रोखून धरायचं आणि कुठलं पलीकडे लपवायचं. एरिक कार्ल यांनी १९६९ मध्ये आपल्या खादाड सुरवंटासाठी पानांनाच भोकं पाडली. कागदाला भोक पाडायच्या यंत्राशी खेळता खेळता त्यांना ती कल्पना सुचली होती. नात त्या भोकात करंगळी घालते, पलीकडून ती निघाली की नाही ते वाकून बघते, आणि सफरचंद, नासपती, आलुबुखार सगळं आपणच खाल्ल्यासारखी तृप्त होते. आणि रशियाचे व्लादिमिर सुतेयेव! ते ॲनिमेशनपट करायचे, त्यामुळे त्यांच्या चित्रातलं पिल्लू थांबलेलं असलं तरी आत्ता धावेल असं वाटतं. कुठूनतरी ‘म्याऊ’ ऐकू येतं आणि कुत्र्याचं पिल्लू कोंबड्याला, उंदराला, मधमाशीला, माशाला, बेडकाला विचारत सुटतं, तू म्हणालास का? ते वाचताना प्रत्येकाला वेगळा आवाज द्यावा लागतो. आमच्या घरात मासा नुसतं तोंड उघडतो नि मिटतो, आणि त्या गप्प पानावर सगळ्यात जास्त हसू येतं.

मग माधुरी पुरंदरे यांची ‘राधाचं घर’ची पुस्तकं. त्या स्वतः लिहितात, स्वतःच चित्रं काढतात, म्हणून शब्द आणि चित्र एकमेकांच्या पायात येत नाहीत. आई, बाबा, आजी, आजोबा, साधं चारचौघांसारखं घर. तिथे कोल्हा नाही, झेप नाही. पण नात पहिल्यांदा ते पुस्तक बघताना एकदम शांत झाली, मान वळवून तिने माझ्याकडे पाहिलं, पुन्हा पुस्तकाकडे पाहिलं. आपल्यासारखी माणसं पुस्तकात राहतात हे तिला त्या क्षणी कळलं होतं. मग ती हसली, जरा लाजून.

पुण्यात अप्पा बळवंत चौकात गेले की मी पुस्तक हातात घेऊन तिथेच, हळू आवाजात, वाचून बघते. जीभ अडखळली, ‘तो म्हणाला की’ असं जडपणाने येऊ लागलं, तर ते परत ठेवते. डुलत, टुणकन, धबाक्, गुपचूप असे शब्द आले की माझंच तोंड सैलावतं. ज्या पुस्तकात शेवटच्या पानावर तात्पर्य उभं असतं ते मी घेत नाही. हसणाऱ्या मुलाला थांबवून ‘म्हणून आपण काय शिकलो?’ असं विचारणं मला क्रूर वाटतं. चकचकीत, डोळ्यांत भडक रंग घुसवणारी, सगळ्या प्राण्यांना एकच हसू चिकटवलेली पुस्तकंही नाही. मुलं चित्रातलं फार बारकाईनं वाचतात. कोपऱ्यातली मुंगी, उलटी पडलेली वाटी, खिडकीतून डोकावणारं कुणीतरी. त्यांच्या नजरेला पुरेल एवढं चित्रकाराने ठेवायला हवं.

आणि पुस्तकं फाटणारच. काही शाळांत ती कपाटात कुलपाखाली, कोरी करकरीत पाहिली आहेत, मुलं फाडतात म्हणून. जीव हळहळतो. आत्या कणकेची खळ शिजवायची आणि जुन्या वहीच्या कागदाच्या पट्ट्यांनी पानं जोडायची. ‘महागिरी’च्या सोंडेवर अशी एक पट्टी होती आणि ती जखमेवरची आहे असंच मी कितीतरी दिवस समजत होते. फाटलेल्या पुस्तकाला हात लागलेले असतात, बाई. ते चांगलंच लक्षण आहे.

आता धाकटा नातू हाताशी आला आहे. त्याला कोंबडी नको, हत्ती नको, सुरवंट तर त्याने दूरच ढकलला. त्याला हवा जेसीबी. रस्त्यावर खोदकाम चालू असलं की आम्ही दोघं तिथे उभे असतो, तो माझं बोट धरून, श्वास रोखून, त्या पिवळ्या हाताने माती उचलताना पाहत. दुकानात गाड्यांची पुस्तकं पुष्कळ दिसतात, पण बहुतेकांत यंत्राला नुसते डोळे नि ओठ काढलेले असतात, आणि तो लगेच विचारतो, ‘काका कुठे बसतात?’ चालकाची जागा हवी, मागचा खोदणारा हात वेगळा नि पुढचं मोठं खोरं वेगळं दिसायला हवं, आणि त्या सगळ्यात जेसीबीवाल्या काकांना न दिसणारं, फक्त त्याला दिसणारं काहीतरी हवं. एखादा बेडूक, मातीबरोबर खोऱ्यात चढून बसलेला. असं पुस्तक मी सध्या शोधते आहे. नाहीच मिळालं तर नातीला म्हटलंय, तू बेडूक काढ, जेसीबीचं मी बघते.