वाऱ्याचा बंदोबस्त

पत्रेकाम करणाऱ्याच्या हातात पत्रा असतो खरा, पण त्याचे लक्ष त्या पत्र्याच्या आडून जे वाहत असते त्याच्यावर असावे लागते. अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत धुराचे नळ, भट्ट्यांवरची हुडे, धूळ ओढून घेणारी यंत्रे आणि ब्लोअरची घरे घडवण्यात ज्याचे उभे आयुष्य गेले, त्याला हे कोणी पुस्तकातून शिकवावे लागत नाही. कारण नळाचा सांधा किती सुबक दिसतो हे गिऱ्हाईक एकदाच पाहते, परंतु त्या नळातून धूर ओढला जातो की कामगाराच्या तोंडावर उलटतो याची परीक्षा रोज सकाळी पाळी सुरू होताच होत असते. म्हणून एका स्नेह्याने स्वतःच्या हाताने बांधावयास घेतलेल्या दोन आसनी विमानाच्या इंजिनाभोवतीचे पत्रेकाम माझ्याकडे सोपवले, तेव्हा ते काम मला परके वाटले नाही. जागा अपुरी, वजनाची काटकसर पराकाष्ठेची आणि चुकीला क्षमा नाही, एवढाच काय तो फरक. बाकी वाऱ्याला आपल्या मर्जीप्रमाणे चालवणे हा मूळ व्यवसाय तोच होता.

या मुलखाचा आणि विमानाचा संबंध जुना आहे, आणि तो सर्वस्वी सुखाचा नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सरकारने नेवाळीच्या परिसरातील शेतकऱ्यांच्या जमिनी धावपट्टीसाठी ताब्यात घेतल्या. युद्ध संपले, विमाने गेली, पण त्या जमिनींची कैफियत दप्तरांतून हिंडत राहिली आणि जून २०१७ मध्ये तिचा उद्रेक रस्त्यावर झाला. पलीकडे उल्हासनगर उभे राहिले तेही त्याच युद्धातील लष्करी छावणीच्या बराकींत, आणि आजही तेथील माणूस आपला पत्ता कॅम्पच्या क्रमांकाने सांगतो. स्वतःच्या हाताने विमान बांधण्याची उमेद मात्र या बाजूच्या अनेकांना मिळाली ती कांदिवलीच्या कॅप्टन अमोल यादव यांच्यामुळे. चारकोपच्या इमारतीच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनी विमान उभे केले, २०१६ साली वांद्रे-कुर्ला संकुलातील ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात ते लोकांसमोर मांडले, आणि नोंदणी व परवान्याच्या दीर्घ खटाटोपातून पार पडून ते धुळ्याच्या धावपट्टीवर नेले. त्या उदाहरणाने एवढे सिद्ध केले, की रिव्हेट मारणारा हात मराठी घरातलाही असू शकतो.

आता इंजिन थंड राखण्याच्या मूळ प्रश्नाकडे वळतो. पेट्रोल जाळून जी उष्णता निर्माण होते तिच्यापैकी जेमतेम चौथा ते तिसरा हिस्सा प्रोपेलर फिरवण्याच्या कामी येतो. सर्वांत मोठा हिस्सा एक्झॉस्टच्या नळीतून बाहेर जातो. आणि शंभरात दहा ते पंधरा भाग एवढाच जो लहानसा वाटा उरतो, तो सिलिंडरच्या भिंतींतून आणि तेलातून काढून घ्यावा लागतो. वाटा लहान, पण त्याचा निकाल वेळेवर लागला नाही तर इंजिनाचे आयुष्य संपते. लायकमिंग कंपनीच्या लहान इंजिनांना सिलिंडरच्या डोक्यासाठी ५०० अंश फॅरनहाइट, म्हणजे २६० अंश सेल्सिअस, ही कमाल हद्द घातलेली असते. मात्र दीर्घायुष्य हवे असेल तर तापमान ४०० ते ४३५ अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे साधारण २०५ ते २२५ सेल्सिअसच्या, आत राखावे लागते, कारण ॲल्युमिनियमची ताकद वाढत्या उष्णतेबरोबर झपाट्याने ओसरते. तेलाचेही तसेच: ११८ अंश सेल्सिअसच्या वर ते जाता कामा नये, आणि ८० अंशांच्या खाली रेंगाळले तर त्यातील पाणी उडून जात नाही.

ही उष्णता नेणारा वारा प्रोपेलरच्या दोन्ही अंगांना असलेल्या तोंडांतून आत येतो, इंजिनाच्या वरच्या बंदिस्त कप्प्यात त्याचा वेग मंदावून दाब वाढतो, त्या दाबाने तो सिलिंडरच्या अंगावरच्या पातळ पट्ट्यांमधील, म्हणजे फिनांमधील, फटींतून खाली ढकलला जातो आणि इंजिनाभोवतीच्या आवरणाच्या, म्हणजे काउलिंगच्या, तळाशी मागच्या बाजूने बाहेर पडतो. वरचा कप्पा आणि खालचा कप्पा यांना अलग राखणाऱ्या पत्र्याच्या भिंतींना बॅफल म्हणतात. ज्यांनी जुन्या बजाज चेतक स्कूटरचे इंजिन उघडलेले आहे त्यांना हे चटकन कळेल. तिच्या फ्लायव्हीलवरच्या पंख्याचा वारा सिलिंडरभोवतीच्या पत्र्याच्या कव्हरामुळेच फिनांवरून जातो, आणि ते कव्हर काढून ठेवले तर पंखा तितकाच फिरत असूनही इंजिन जाम होते. विमानात पंख्याचे काम विमानाच्या गतीकडे असते. कव्हराचे काम मात्र तेच, आणि त्याचे महत्त्वही तेवढेच.

इंजिन जितके उघडे तितके थंड, ही समजूत विमानविद्येच्या आरंभीच्या काळात पुष्कळांची होती. १९२८ मध्ये अमेरिकेतील लँग्ली येथील प्रयोगशाळेत फ्रेड वाइक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्रिज्यीय इंजिनाभोवती पूर्ण आच्छादन बसवून पाहिले. आतल्या वाऱ्याला नेमका मार्ग आखून दिल्यावर आच्छादित इंजिनही थंड राहते, एवढेच त्यातून दिसले असे नाही. ज्या कर्टिस हॉक विमानावर ते बसवले त्याचा कमाल वेग ताशी ११८ मैलांवरून १३७ मैलांवर गेला, आणि १९२९ चा कॉलियर पुरस्कार या संशोधनाला मिळाला. हे आकडे मला फार मोलाचे वाटतात, कारण शिस्तीने नेलेला थोडा वारा हा मोकाट सोडलेल्या पुष्कळ वाऱ्यापेक्षा अधिक काम करतो आणि विमानाला मागे ओढतोही कमी, हे त्यांनी एकदाचे निर्विवाद ठरवून टाकले.

तरीही इंजिन तापू लागले की घरी विमान बांधणाऱ्याचा पहिला विचार पुढची तोंडे मोठी करावी असा असतो, आणि मी दर वेळी त्या विचाराला विरोध करतो. तोंड मोठे केल्याने वारा आत येईलच असे नाही. आत अडसर असेल तर तो तोंडातूनच उलटा सांडतो आणि बाहेरचा प्रवाहही बिघडवतो. आधी पाहावयाचे ते हे, की आलेला वारा फिनांमधून न जाता दुसरीकडून कोठे पळतो आहे. याची तपासणी आमच्या शेडमध्ये रात्रीच्या वेळी होत असे. सगळे दिवे मालवावयाचे, काउलिंगच्या खालच्या कप्प्यात एक बल्ब लावावयाचा आणि पुढच्या तोंडातून वर डोकावून पाहावयाचे. फिनांच्या जाळीतून येणारा उजेड हा हक्काचा, पण बॅफलच्या कोपऱ्यातून, तेलाच्या कूलरच्या कडेने, दोन पत्र्यांच्या सांध्यातून जी रेघ चकाकते ती चोरवाट समजावयाची. त्यानंतर वरच्या कप्प्याला कारखान्यातील ब्लोअर जोडून हलका दाब द्यावयाचा आणि प्रत्येक संशयित जागेजवळ पेटती उदबत्ती धरावयाची. धुराची उभी रेषा जेथे एकाएकी आडवी होते तेथे खडूची खूण, आणि दुसऱ्या दिवशी तेथे उष्णता सोसणाऱ्या तांबड्या सिलिकॉनचा लेप, किंवा फट रुंद असेल तर पत्र्याची नवी चकती. अशा बारीक फटी एकेकट्या क्षुल्लक दिसतात. त्यांची बेरीज केली म्हणजे तळहाताएवढे भोक निघते.

बॅफलची वरची कड आणि काउलिंगचे छत यांमधील जागा ही तर सर्वांत अवघड. इंजिन रबरी आधारांवर हलत असते, काउलिंग स्थिर असते. तेव्हा तेथे पत्रा पत्र्याला भिडवून चालत नाही, सिलिकॉन चढवलेल्या कापडाची लवचीक पट्टी लावावी लागते. ती आतल्या बाजूला, दाबाच्या दिशेने, वळलेली असली पाहिजे, म्हणजे वाऱ्याचा दाबच तिला छताला चिकटवून धरतो; उलटी वळली तर तोच दाब तिला दूर लोटतो. काउलिंगचे छत गोलाईचे, आणि सरळ पट्टी गोलाईवर लावली की तिला चुण्या पडतात व प्रत्येक चुणीखाली एक बोगदा तयार होतो. या कामी मी उल्हासनगरला जीन्सच्या एका कारखान्यातील कटिंग मास्टरकडे गेलो, कारण सपाट कापडाला वळणदार अंगावर चोख बसवणे हा त्यांचा नित्याचा उद्योग. पट्टी बोटांत घोळवून, पुठ्ठ्याचा नमुना टेबलावर उभा करून, त्यांनी विचारले, “साहेब, हवा कुठल्या अंगानं रेटणार?” मी हाताने दिशा दाखवली. “मग अख्खी पट्टी लावूच नका,” ते म्हणाले. “गोलाईला तुकडे करा, एकावर एक दोन बोटं चढवा, आणि ताण येईल तिथं आधी कात मारून घ्या.” त्यांनी खडूने आखून दिलेले ते तुकडे मी तसेच रिव्हेटने बसवले, आणि बल्बाच्या पुढच्या तपासणीत छताकडची रेघ दिसली नाही.

गळती मिटली तरी एखादा सिलिंडर इतरांपेक्षा तापलेला राहतोच, आणि त्याचे कारण बहुधा वाऱ्याच्या वाटणीत असते. लायकमिंगच्या चार सिलिंडरी इंजिनात सगळे सिलिंडर एकाच साच्याचे असल्यामुळे डोक्याच्या एका अंगाच्या फिना उथळ असतात, आणि ते अंग दुसऱ्या क्रमांकाच्या सिलिंडरला पुढे तर तिसऱ्याला मागे येते. तिसऱ्याच्या मागे बॅफलची भिंत अगदी चिकटून बसवली, की त्या उथळ फिनांत वाऱ्याला उतरावयास जागाच राहत नाही. तेथे पत्र्याला थोडा फुगवटा देऊन खालपर्यंत एक अरुंद वाट मोकळी करावी लागते. फिनांच्या मध्ये ओतकामाचे शिल्लक राहिलेले धातूचे पापुद्रे असतात, तेही बारीक कानशीने, फिनेला ओरखडा न पडेल अशा बेताने, काढून टाकावे लागतात. आणि प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र तापमापक हवा. एकाच सिलिंडरच्या आकड्यावर चौघांची प्रकृती ठरवणे म्हणजे स्वतःची फसवणूक होय.

एवढे सगळे करूनही जी बाजू दुर्लक्षित राहते ती बाहेर पडण्याच्या वाटेची. सिलिंडरवरून जाणारा वारा वरच्या कप्प्यातील दाब आणि खालच्या कप्प्यातील दाब यांच्या अंतरावर चालतो. खालचा कप्पा तुंबला तर वरचा दाब कितीही असो, अंतर उरत नाही. तापलेली हवा प्रसरण पावते, म्हणून बाहेरची वाट आतल्या तोंडांपेक्षा काहीशी मोठी हवी. आणि त्याच चिंचोळ्या जागेत एक्झॉस्टच्या नळ्यांनी ठाण मांडलेले असते. इंजिनामागच्या आगरोधक भिंतीच्या, म्हणजे फायरवॉलच्या, खालच्या कडेचा काटकोन हवेला तेथे भोवरे खावयास लावतो. त्या कडेवर पत्र्याची एक गोलाकार उतरंड बसवली आणि काउलिंगच्या तळाच्या कडेला खाली झुकलेला एक ओठ दिला, की बाहेरचा प्रवाह आतल्या हवेला ओढून घेऊ लागतो. हा फरक डोळ्यांनी पाहावयाचा तर पारदर्शक नळीत रंगीत पाणी भरून तिचे एक टोक वरच्या आणि दुसरे खालच्या कप्प्यात सोडावे. समुद्रसपाटीजवळ १०० नॉट वेगाला वाऱ्याचा पूर्ण दाब सुमारे १६५ मिलिमीटर पाण्याइतका असतो. ७० नॉटला तो निम्म्यावर येतो. म्हणजे विमान चढत असताना, जेव्हा इंजिन पूर्ण ताकदीने राबत असते, नेमका तेव्हाच वाऱ्याचा दाब निम्मा मिळतो. चढाईच्या त्या काही मिनिटांसाठी सगळी तजवीज करावयाची असते; एका उंचीवरच्या सरळ उड्डाणात बहुतेक इंजिने गुण्यागोविंदाने थंड राहतात.

आणि येथे आमच्या मुलखाचा विचार केल्यावाचून भागत नाही. विमानविद्येची कोष्टके समुद्रसपाटीवर १५ अंश सेल्सिअस धरून मांडलेली असतात. अमेरिकेतील लहान विमानांच्या जुन्या प्रमाणीकरण नियमांनी उष्ण दिवस म्हणून जो धरला तोही ३८ अंशांचा. बदलापूरला एप्रिलमध्ये पारा ४० च्या पलीकडे जाणे ही नवलाची बातमी राहिलेली नाही; समुद्राचा वारा तेथवर उशिरा पोचतो आणि दुपार डोंगराच्या कुशीत कोंडून राहते. ४२ अंशांची हवा १५ अंशांच्या हवेपेक्षा शेकडा आठ-नऊ भाग विरळ असते, म्हणजे त्याच फटीतून जाताना ती उष्णता कमी उचलते. शिवाय मुळातच २७ अंश गरम असल्यामुळे सिलिंडरचे डोकेही ढोबळ हिशेबाने तितक्याच अंशांनी अधिक तापते. थंड देशात हिवाळ्याच्या सकाळी उत्तम चाललेला आराखडा येथे जसाच्या तसा उतरवला, तर तो हद्दीच्या कडेवर उभा राहील. म्हणून माझा आग्रह असा, की चाचणीच्या नोंदवहीत प्रत्येक तापमानाशेजारी त्या वेळचे बाहेरचे तापमान लिहावे, त्यावरून ४५ अंशांच्या दिवशी काय होईल याचा हिशेब मांडावा, आणि तो आकडा हद्दीच्या आत बसेपर्यंत विमानाला उन्हाळ्यात लांब चढाईची परवानगी देऊ नये. जमिनीवर थांबताना नाक वाऱ्याकडे ठेवावे, कारण प्रोपेलरच्या बुंध्याजवळची पाती गोल व निरुपयोगी असल्यामुळे उभ्या विमानाच्या तोंडांत त्यांच्याकडून फारसा वारा जात नाही.

अंबरनाथ, उल्हासनगर, बदलापूर या पट्ट्यात पत्रा वाकवणारे, कापड कापणारे, साचे करणारे हजारो हात आहेत, आणि आयटीआयतून दर वर्षी नवे बाहेर पडतात. विमान हे आपल्या आवाक्याबाहेरचे, परदेशी कारखान्यांतच जन्मणारे काहीतरी आहे, असे त्यांतील बहुतेकांना वाटते. इंजिन आपण येथे ओतत नाही, हे खरे. परंतु त्या इंजिनाला जगवणारी अर्ध्या-पाऊण मिलिमीटरच्या पत्र्याची घडी, तिच्या कोपऱ्याला चीर पडू नये म्हणून आधी पाडलेले गोल भोक, घासून गुळगुळीत केलेली तिची कड, दाबाच्या दिशेने वळवलेली पट्टी, हे सारे येथल्या कोणत्याही चांगल्या कारागिराच्या हातचे काम आहे. त्याला लागते ती एक सवय: तोंड मोठे करण्याआधी गळती शोधण्याची, आणि गळती बुजवल्यावर बाहेरची वाट तपासण्याची. ही सवय ज्याच्या अंगी मुरली, त्याने भट्टीच्या हुडापासून विमानाच्या काउलिंगपर्यंत कोणतेही काम निःशंक हाती घ्यावे.